काप्रेरा व तिच्या भगिनी

युरोपच्या नकाशाकडे पाहिले असता इटलीचा बुटाच्या आकाराचा द्वीपकल्प प्रथम डोळ्यांत भरतो. त्याच्या पश्चिमेस समुद्रात दोन मोठी बेटे एकाखाली एक उभी आहेत. वरचे कॉर्सिका, ते फ्रान्सचे. खालचे सार्डिनिया, ते इटलीचे. या दोहोंमध्ये बोनिफाचोची सामुद्रधुनी आहे. ती अरुंद जागी अकरा-बारा किलोमीटरांहून अधिक रुंद नाही. तिच्या पूर्वेकडील तोंडाशी, सार्डिनियाच्या काठाला धरून, कोणी मूठभर अक्षता उधळाव्यात त्याप्रमाणे लहानमोठी साठांहून अधिक बेटे व खडक विखुरलेले आहेत. हाच ला माद्दालेनाचा द्वीपसमूह. ला माद्दालेना, काप्रेरा, सांतो स्तेफानो, स्पार्जी, बुदेल्ली, सांता मारिया आणि रात्सोली ही त्यांतील सात मुख्य बेटे. १९९४ साली इटालियन सरकारने हा सर्व प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवला.

या बेटांच्या दर्शनाला मोठ्या प्रवासी नौका रोज जातात. परंतु त्यांत शेकडो उतारू, ठरलेल्या वेळा आणि घंटा वाजली की परत फिरणे. आमच्या मंडळींत सत्तरी ओलांडलेल्या आत्याबाईंपासून बारा वर्षांच्या भाचीपर्यंत सहा जण होते. तेव्हा सर्वांच्या सोयीसाठी सार्डिनियाच्या उत्तर टोकावरील पालाऊ या बंदरातून एक लहानशी नौका दिवसभराकरिता ठरविली. अशा जातीच्या लाकडी नौकेला तिकडे ‘गोत्सो’ म्हणतात. पोट गोलसर, दोन्ही टोके निमुळती. एके काळी ही कोळ्यांची होडी होती, आता तिला यंत्र बसवून वर कापडी छत घातले आहे. तिचा चालक, ज्यास आमच्या कोकणात तांडेल म्हटले असते, मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणारा पण मनमिळाऊ गृहस्थ होता. नौकेवर पाय ठेवण्यापूर्वी त्याने आम्हांस दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, मार्ग आपण नव्हे, वारा ठरवील. दुसरी अशी की, बेटावरून नौकेत परत येताना प्रत्येकाने पाय धुऊन वर यावयाचे. पहिलीचा अर्थ आम्हांस तत्काळ कळला. दुसरीचा कळावयास दुपार झाली.

येथील वाऱ्याचे नाव माएस्त्राले, म्हणजे वायव्येचा वारा. फ्रान्सकडून सुटलेला हा वारा दोन मोठ्या बेटांमधील चिंचोळ्या वाटेत शिरला की दुप्पट जोराने वाहतो. किनाऱ्यावरील झाडे त्याच्या धाकाने आग्नेयेकडे कायमची वाकलेली दिसतात. जून महिन्यातील ती सकाळ मात्र शांत होती. पाठीमागे पालाऊच्या पूर्वेस टेकडीवरील प्रसिद्ध अस्वलखडक दिसत होता. वाऱ्यापावसाने कोरलेल्या या प्रचंड शिळेवरून त्या भूशिराला अस्वलाचे नाव प्राचीन काळीच पडले होते व टॉलेमीच्या भूगोलातही ते आढळते. उजव्या हाताला सांतो स्तेफानो टाकून आम्ही पश्चिमेस वळलो.

या सांतो स्तेफानोची एक गंमत सांगण्यासारखी आहे. १७९३ च्या फेब्रुवारीत कॉर्सिकाहून एक फ्रेंच तुकडी येथे उतरली व समोरच्या ला माद्दालेना गावावर तिने तोफा डागल्या. त्या तोफखान्याचा तरुण अधिकारी तेवीस वर्षांचा होता व त्याचे नाव नेपोलियन बोनापार्ट. दोमेनिको मिल्लेलीरे या स्थानिक नाविकाने रातोरात आपल्या तोफा समुद्रापार आणून असा मारा केला की, हल्लेखोरांना आपल्या तोफा तशाच टाकून माघार घ्यावी लागली. पुढे अवघे युरोप ज्याच्यापुढे नमले, त्याला आरंभीच या खडकांनी परत पाठविले. दहा वर्षांनी त्याच नेपोलियनचा शत्रू नेल्सन या बेटांच्या आश्रयाला आला. १८०३ ते १८०५ या काळात त्याचे आरमार येथे वारंवार नांगर टाकून राहिले. तो स्वतः गावात कधी उतरला नाही असे सांगतात. परंतु १८०४ साली त्याने येथील देवळाला चांदीचा क्रूस व दीपदाने पाठविली, ती अद्याप जपून ठेवलेली आहेत.

स्पार्जी जवळ येऊ लागले तसा पाण्याचा रंग पालटू लागला. प्रथम गडद निळे, मग मोरपंखी, मग पाचूसारखे, आणि अखेर काठाशी इतके स्वच्छ की नौकेची सावली तळाच्या वाळूवर स्पष्ट पडलेली दिसे. जणू नौका पाण्यावर नसून हवेत तरंगते आहे. या स्वच्छतेला कारणे आहेत. या बेटांवर नद्या नाहीत, तेव्हा गाळ नाही. खडक बहुतेक सारा ग्रॅनाइट, सुमारे तीस कोटी वर्षांचा जुना. तो झिजून होणारी वाळू जाड व पांढरी असते आणि चटकन तळाला बसते. शिवाय आपल्या कोकणात भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा किनारा ढवळून निघतो, तसे येथे होत नाही. भूमध्य समुद्र हा जवळजवळ सर्व बाजूंनी बंद असल्यामुळे येथील भरती वीत-दीड वितीच्या पलीकडे जात नाही. आत्याबाईंचे बालपण रत्नागिरीकडे गेलेले. “येथे समुद्र श्वासच घेत नाही की काय?” असे त्यांनी विचारले, तेव्हा या फरकाचे याहून नेमके वर्णन आम्हांस सुचले नाही.

स्पार्जीवर वस्ती नाही. काला कोर्सारा या दक्षिणेकडील खाडीत आम्ही उतरलो. ग्रॅनाइटचे गुलाबी-करडे खडक वाऱ्याने असे पोखरलेले की, एकात हत्ती, दुसऱ्यात म्हातारीचे डोके दिसावे. मागे खुरटी, सुगंधी झुडपे दाट माजलेली. या बेटाजवळच समुद्रतळाशी रोमन काळातील एक मालवाहू गलबत सापडले. ख्रिस्तापूर्वी दुसऱ्या शतकातील हे गलबत द्राक्षासवाने भरलेले मातीचे उंच रांजण घेऊन चालले असता बुडाले. १९५८ पासून नीनो लाम्बोल्या या पुरातत्त्वज्ञाने त्याचे उत्खनन केले आणि ते रांजण आता ला माद्दालेना येथील संग्रहालयात रचून ठेवले आहेत. समुद्रतळाचे शास्त्रशुद्ध उत्खनन करण्याच्या विद्येचे इटलीतील पहिले धडे ज्या जागी गिरविले गेले त्यांपैकी ही एक होय.

तेथून निघताना तांडेलाने शिडीपाशी गोड्या पाण्याची बादली ठेवली व एकेकाचे पाय धुवविले. पायांची वाळू समुद्रात पडली पाहिजे, नौकेत नव्हे. आमची भाची म्हणाली, “मामा, देवळात जाताना पाय धुतात, हे बाहेर पडताना का?” उत्तर पुढच्या बेटावर मिळावयाचे होते.

ते बेट बुदेल्ली. त्याच्या आग्नेय बाजूच्या एका लहानशा खाडीतील वाळू गुलाबी आहे. कवींचा गुलाबी नव्हे, खराच. समुद्रात पोसिदोनिया नावाची एक वनस्पती उगवते. हिला पुष्कळजण शेवाळ समजतात, परंतु ती फुले-फळे धरणारी, मुळे रोवून राहणारी खरी वनस्पती असून तळाशी तिची कुरणेच्या कुरणे पसरलेली असतात. तिच्या बुडख्यांच्या आश्रयाने एक अतिसूक्ष्म, एकपेशी जीव राहतो. त्याचे चुनखडीचे कवच तांबडे-गुलाबी असते. तो मेला की कवचाचा चुरा लाटांबरोबर काठाला येतो आणि पांढऱ्या वाळूत मिसळतो. अशी कित्येक शतके लागून ती खाडी रंगली. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘तांबडे वाळवंट’ या आन्तोनिओनी याच्या चित्रपटात तिचे दर्शन घडले आणि ती जगभर गाजली.

गाजली, आणि तेथेच तिचे दुर्दैव ओढवले. येणारा प्रत्येक प्रवासी एक मूठ वाळू बाटलीत भरून नेऊ लागला. नांगरांनी पोसिदोनियाची कुरणे उखडली. म्हणजे रंगाचे दुकान लुटले आणि कारखानाही मोडला. वर्षागणिक गुलाबी छटा फिकी होत चालली. अखेर १९९४ साली उद्यानाबरोबरच त्या वाळूवर पाऊल ठेवण्याची, तिच्यासमोरील पाण्यात पोहण्याची व नांगर टाकण्याची बंदी झाली. २०१७ च्या कायद्याने तर सार्डिनियाच्या कोणत्याही किनाऱ्यावरून वाळू, खडे अथवा शिंपले नेणाऱ्यास ५०० पासून ३००० युरोपर्यंत दंड ठेवला आहे. आमच्या तांडेलाच्या बादलीचा उलगडा हा असा झाला.

तेव्हा आम्ही लांबूनच पाहिले. यंत्र मंद केले होते. हिरव्या झुडपांच्या पोटाशी एक फिकट, कोवळ्या कमळाच्या पाकळीसारखी रेघ उन्हात दिसत होती. तिच्यावर एकही पाऊल उमटलेले नव्हते. आमच्या पुतण्यास हे पुरेसे वाटेना. एवढ्या लांबून आलो, एवढे भाडे भरून स्वतंत्र नौका केली, मग पन्नास पावले जवळ नेण्यास काय हरकत आहे, असे त्याने तांडेलास विचारले. अधिक काही द्यावे लागले तर देऊ असेही सुचविले. तांडेल रागावला नाही. तो एवढेच म्हणाला की, नौका तुमची आहे, किनारा नाही. पुतण्या हिरमुसला होऊन आमच्याकडे पाहू लागला. तेव्हा आत्याबाई त्याला म्हणाल्या, “अरे बाळ, पंढरपुरास पायांवर डोके ठेवावयास मिळते, म्हणून काय सगळीकडेच मिळते? कित्येक ठिकाणी उंबरठ्यावरूनच दर्शन घ्यावयाचे. ते काय कमी असते?” त्यावर तो हसला, पण त्याचे समाधान झाले असे आम्हांस वाटत नाही. आणि खरे सांगावयाचे तर त्याचा प्रश्न अगदीच पोरकट नव्हता. जे कोणालाही भोगता येत नाही ते राखावयाचे कोणासाठी?

या प्रश्नाचे एक उत्तर त्याच बेटावर बत्तीस वर्षे राहून गेले. माउरो मोरांदी हा व्यायामशिक्षक १९८९ साली दूरच्या दक्षिण समुद्राकडे नौकेने जावयास निघाला होता. वाटेत नौका नादुरुस्त होऊन तो बुदेल्लीस लागला. तेथील राखणदार काम सोडणार आहे असे त्यास कळले, आणि तो तेथेच राहिला. महायुद्धाच्या काळातील एका पडक्या झोपडीवजा घरात राहून त्याने किनारा झाडला, केरकचरा वेचला, आणि आलेल्या प्रवाशांस वाळू का नेऊ नये हे शिकविले. मध्यंतरी बेटाची खाजगी मालकी दिवाळ्यात गेली, २०१३ साली लिलावात एका परदेशी धनिकाने ते घेतले, त्यावर मोठा गवगवा झाला आणि अखेर २०१६ साली ते उद्यानाच्या ताब्यात आले. २०२१ साली मोरांदीसही झोपडी सोडावी लागली. जवळच ला माद्दालेनावर एका लहान घरात तो राहावयास गेला व जानेवारी २०२५ मध्ये वारला. त्या बेटावर त्याच्या मालकीची एक तसूभरही जमीन नव्हती. तरी त्या तीन दशकांत ते बेट खरोखर कोणाचे होते, असे विचारले तर कायद्याचे उत्तर एक येईल व मनाचे दुसरे.

दुपारी सांता मारिया, रात्सोली व बुदेल्ली या तीन बेटांच्या मधील पाण्यात आम्ही थांबलो. वाळूच्या तळाचा हा भाग इतका उथळ व निवांत आहे की, त्यास नैसर्गिक तलाव म्हणतात. येथे मुलांनी मनसोक्त पोहून घेतले व आत्याबाईंनी शिडीवर बसून पाय पाण्यात सोडले. भोजनास तांडेलाने सार्डिनियाची ‘काराझाउ’ नावाची भाकरी काढली. ही कागदासारखी पातळ व कुरकुरीत असते. धनगर लोक महिनोन्‌महिने रानात राहत, तेव्हा टिकावी म्हणून ती दोनदा भाजतात. सोबत टोमॅटो, जैतुनाचे तेल, काकडी व जर्दाळू. मेंढीच्या दुधाचे चीज त्याने आग्रहाने पुढे केले. परंतु ते विरजण्यास प्राण्यांच्या जठरातील द्रव्य वापरतात हे ठाऊक असल्यामुळे आमच्यापैकी काहींनी नम्रपणे नाकारले. कारण सांगितल्यावर त्याने मुळीच वाईट वाटून घेतले नाही. उलट घरच्या मधाची बरणी पुढे केली.

रात्सोलीच्या दीपगृहापलीकडे उत्तरेस लाव्हेत्सीचे सखल फ्रेंच खडक दिसत होते. १८५५ च्या १५ फेब्रुवारीस क्रिमियाच्या युद्धास निघालेले ‘सेमियांत’ हे फ्रेंच जहाज वादळात त्या खडकांवर आपटले. सुमारे ७०० माणसांपैकी एकही वाचला नाही. त्यांची दफनभूमी त्या बेटावरच आहे. समोर आरशासारखे पाणी पसरलेले असता हे ऐकताना सकाळचे तांडेलाचे वाक्य आठवले, आणि इतक्यात वायव्येकडे पाण्यावर बारीक काळपट सुरकुत्या उठलेल्या दिसताच त्याने मुकाट्याने नांगर उचलला. माएस्त्राले जागा होत होता.

वाऱ्याला पाठ देऊन आम्ही ला माद्दालेनाच्या बंदरात आलो व तांडेलाचा निरोप घेतला. काप्रेराला जाण्यास आता नौका लागत नाही. दोन्ही बेटे दगडी बांधाने जोडलेली आहेत. गाडीने थोड्याच वेळात आम्ही पाइन वृक्षांच्या सावलीतील एका पांढऱ्या घरापाशी पोहोचलो. हे गॅरिबाल्डीचे घर.

महाराष्ट्रातील जुन्या घरांत हे नाव नवखे नाही. १९०७ साली सावरकरांनी लंडनहून पाठविलेले मॅझिनीचे आत्मचरित्र पुण्यास मराठीत प्रसिद्ध झाले व पुढे सरकारने त्यावर बंदी घातली. तेव्हापासून मॅझिनी व गॅरिबाल्डी ही नावे आमच्याकडे जोडीनेच उच्चारली गेली. परंतु पुस्तकांतील गॅरिबाल्डी तांबडा सदरा घालून घोड्यावर बसलेला असतो. काप्रेरावरील गॅरिबाल्डी शेतकरी आहे. १८५५ साली त्याने या खडकाळ बेटाचा अर्धा भाग विकत घेतला. उरलेला पुढे इंग्रज चाहत्यांनी घेऊन त्यास दिला. दक्षिण अमेरिकेत पाहिलेल्या घरांच्या धर्तीवर त्याने हे घर बांधले, द्राक्षे व जैतून लावले, मधमाश्या पाळल्या. आपल्या गाढवांना त्याने पोप व फ्रान्स-ऑस्ट्रियाच्या सम्राटांची नावे दिली होती, हे ऐकून आमची भाची पोट धरून हसली.

१८६० च्या मे महिन्यात तो हजार स्वयंसेवक घेऊन सिसिलीकडे निघाला आणि वर्ष संपण्याच्या आत दक्षिण इटलीचे सबंध राज्य त्याच्या हाती आले. ते त्याने व्हिक्टर इमॅन्युएल राजाच्या स्वाधीन केले. पदवी, वाडा, संपत्ती जे देऊ केले ते नाकारले. आणि नोव्हेंबरात बियाणाचे पोते घेऊन तो काप्रेराला परतला. या त्यागाला उगाच झळाळी देण्याचे कारण नाही. शेती कधी नीट पिकली नाही, कर्ज झाले, आणि १८७६ साली राष्ट्राने दिलेले वर्षासन त्यास स्वीकारावे लागले. तरीही हातात राज्य असता ते मुठीत न धरणारा मनुष्य विरळा, हे त्या साध्या खोल्या पाहताना मनास पटते.

अंगणातील भव्य पाइन वृक्ष त्याने १८६७ साली मुलगी क्लेलिया जन्मली तेव्हा लावला. तो अद्याप उभा आहे. अखेरची वर्षे संधिवाताने जखडल्यामुळे तो चाकांच्या खुर्चीत वावरे. त्याने आपली खाट खिडकीपाशी लावून घेतली होती. खिडकीतून समुद्र व पलीकडे कॉर्सिकाचे डोंगर दिसतात. त्याचे जन्मगाव नीस १८६० साली फ्रान्सला देऊन टाकण्यात आले, हे शल्य त्यास जन्मभर राहिले. २ जून १८८२ रोजी तो वारला. त्या खोलीतील घड्याळ व दिनदर्शिका त्या क्षणी थांबविलेली तशीच आहेत.

आपला देह येथल्याच सुगंधी झुडपांची लाकडे रचून उघड्यावर दहन करावा, असे त्याने मृत्युपत्रात लिहिले होते. ती इच्छा पुरविली गेली नाही. देह मसाले भरून घराजवळच पुरला व वर ग्रॅनाइटची ओबडधोबड प्रचंड शिळा ठेवली. हे ऐकून आत्याबाई बराच वेळ त्या शिळेपाशी उभ्या राहिल्या. “ज्याने सगळे देऊन टाकले, त्याचा देह मात्र लोकांनी सोडला नाही,” असे त्या पुटपुटल्या. आम्हांस वाटते, बुदेल्लीच्या वाळूची व या मनुष्याची गोष्ट एकच आहे. ज्यावर आपले प्रेम जडते ते मुठीत धरून घरी नेण्याची ओढ माणसाला अनावर असते. ज्यांना ती आवरता आली त्यांच्यामुळेच हे किनारे आज पाहावयास मिळतात.

या बाजूस जाण्याचा योग ज्या मंडळींना येईल त्यांनी जून अथवा सप्टेंबर महिना निवडावा. जुलै-ऑगस्टात गर्दी फार असते. वडील माणसे बरोबर असतील तर छत असलेली व पाण्यात उतरावयाची शिडी असलेली नौका आधीच ठरवावी, आणि वारा उलटल्यास मार्ग बदलण्याची मनाची तयारी ठेवावी.

संध्याकाळच्या बोटीने पालाऊस परतताना पुतण्या कठड्याशी एकटाच उभा होता. पश्चिमेकडची बेटे एकेक करून जांभळी होत चालली होती. बुदेल्ली कोणते, असे त्याने आम्हांस विचारले. आम्ही बोट दाखविले. इतक्या अंतरावरून गुलाबी वाळू दिसणे शक्यच नव्हते. तरी ते बेट काळोखात मिसळेपर्यंत तो तिकडे पाहत राहिला.